झ्बुकविच यांचं जलरंगाचं घड्याळ आपल्या उन्हात चालतं का?

घाटावरची_सावली (धागाकर्ती)
जलरंग चित्रकार जोसेफ झ्बुकविच यांच्याबद्दल इथे तुकड्यातुकड्याने बरंच लिहून झालंय, स्वतंत्र धागा मात्र नाही. म्हणून हा काढतेय. ज्यांना नाव नवीन आहे त्यांच्यासाठी: जन्म १९५२, झाग्रेब, तेव्हाचा युगोस्लाव्हिया. १९७० मध्ये ऑस्ट्रेलियात गेले आणि मेलबर्नचेच झाले. ओले रस्ते, ट्राम, बंदरं, शेतवाड्या, रेसचे घोडे हे त्यांचे विषय. जलरंगातले आजचे इम्प्रेशनिस्ट म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. २००२ च्या पुस्तकात त्यांनी मांडलेलं 'घड्याळ' जगभर शिकवलं जातं.

घड्याळ असं. एका काट्यावर रंगाचा दाटपणा: चहा, कॉफी, दूध, साय, लोणी. दुसऱ्यावर कागदाचा ओलेपणा: ओला, ओलसर, दमट, कोरडा. कुठल्या ओलाव्यावर कुठला दाटपणा टेकवला की कशी कड मिळते, हे त्यावरून ठरवायचं. ओल्यावर चहा टाकला तर विरून जातो, दमटावर साय टाकली तर मऊ पण आकार धरणारी कड मिळते, कोरड्यावर लोणी म्हणजे धारदार रेघ.

आता प्रश्न. एप्रिल, वाईचा घाट, सकाळचे दहा. तीनशे ग्रॅमचा (म्हणजे चौरस मीटरला तीनशे ग्रॅम वजनाचा) कॉटन कागद, पाव शीट, म्हणजे ११ × १५ इंच. आकाशापासून वॉश (पातळ रंगाचा सलग थर) खाली आणायला घेतला की ढोल्या गणपतीच्या शिखरापर्यंत पोचेतो वरचं आकाश वाळलेलं असतं. 'ओलसर' आणि 'दमट' या दोन पायऱ्या गायबच. जुलैत कोकणात नेमकं उलटं, काटा 'ओला' वरून हलतच नाही. तर हे घड्याळ आपल्या हवेला कसं लावून घ्यायचं? कृपया "सराव करा" असं लिहू नका.

चुनाभट्टी
सराव करा. (पळतो.)

कोरा_चहा
आधी त्या पायऱ्या मराठीत नीट आणा. आपल्याकडचा चहा दाटपणात त्यांच्या 'दुधा'च्याही पुढे जातो, टपरीवरचा उकळलेला असेल तर थेट 'साय'. नवशिके इथेच फसतात आणि पहिला वॉश दुप्पट दाट देऊन बसतात. माझा प्रस्ताव: कोरा चहा, कोरी कॉफी, दूध, बासुंदी, चक्का. लोणी उन्हात वितळतं, चक्का वितळत नाही.

दाटपणा ओळखायला पॅलेट तिरपं करून बघा. कोरा चहा झटकन पळतो आणि मागे जवळजवळ काही ठेवत नाही. कॉफीही पळते, पण मागे रंगाचा पट्टा राहतो. दूध सावकाश उतरतं. बासुंदी सरकायची की नाही यावर विचार करते. चक्का जागचा हलत नाही. ही परीक्षा दर पाच मिनिटांनी पुन्हा घ्यावी, कारण उन्हात पॅलेटमधलं पाणीही उडतं. दहा वाजता कालवलेलं दूध सव्वादहाला बासुंदी झालेलं असतं.

तांबडी_माती
कोरा_चहा यांचा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे. उन्हात दोन्ही काटे एकाच दिशेला पळतात, कागद वाळतो आणि रंग दाटतो. घड्याळाचा मूळ नियम एवढाच की नवा रंग कागदावरच्या ओलाव्यापेक्षा दाट हवा. तो उन्हातही मोडत नाही. मोडतो माणूस. कड वाळायला लागलेली दिसली की घाबरून ब्रश पाण्यात बुडवतो आणि अर्धवट वाळलेल्या भागात पाणी सोडतो. ते पाणी रंगाचे कण ढकलत पसरतं आणि फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी झालर उठते. उन्हात झालर फार पाण्यामुळे येत नाही, उशिरा आलेल्या पाण्यामुळे येते.

उपाय, जेवढे खात्रीचे आहेत तेवढे:

पहिला बदल कागदाखालच्या पाटीचा. प्लायवूड पाणी पितं. त्याऐवजी पाच मिलिमीटरचा सनबोर्ड (पाणी न पिणारा प्लास्टिक फोमचा बोर्ड) किंवा अ‍ॅक्रिलिक शीट घ्या. कागद आधी मागून भिजवा, मग पुढून, पुन्हा मागून. तीनशे ग्रॅमच्या कॉटनला पाचेक मिनिटं द्या, कारण पाणी आतल्या धाग्यांपर्यंत जायला हवं, नुसता वरचा थर ओला होऊन भागत नाही. मग तो सनबोर्डवर चिकटवा. टेप लागत नाही, पाण्यानेच बसतो. मधले बुडबुडे हाताने बाहेर काढा आणि पुढची बाजू जुन्या सुती पंचाने टिपा. आता वरून उडालेलं पाणी मागून भरून निघतं. सावलीत असा कागद वीस-पंचवीस मिनिटं हाताशी राहतो. उलट बाजू अशी की सुरुवातीला धारदार कड मिळत नाही, तिची वाट बघावी लागते.

दुसरं, रंग आधी कालवा. पाव शीटच्या आकाशाला तीन-चार पोह्याचे चमचे भरतील एवढं मिश्रण लागतं. सगळे तेवढं करत नाहीत, अर्ध्यात संपतं, आणि दुसरं कालवेपर्यंत कड बसते. आकाशाचा, दूरच्या डोंगराचा आणि जमिनीचा असे तीन वेगळे साठे तयार असल्याशिवाय कागदाला ब्रश लावू नये. आणि ते हव्या त्यापेक्षा अर्धी पायरी पातळ ठेवावेत, हवा त्यांना दाट करतेच.

तिसरं, पाटीचा उतार. झ्बुकविच पाटी बरीच तिरपी ठेवतात, त्यामुळे वॉशच्या खालच्या कडेला पाण्याची माळ साचते आणि ती खाली ओढत नेता येते. एप्रिलात तीच माळ जपायची असते. पण उतार जास्त असेल तर वरचा भाग लवकर रिकामा होतो. म्हणून दहा-पंधरा अंश पुरे. पाटीमागे कडेला चपलांचा जोड ठेवला की साधारण तेवढाच होतो.

चौथं, फवारा. बारीक धुक्याचाच हवा, इस्त्रीवाल्याच्या बाटलीचा नाही. दीड-दोन फुटांवरून, आणि कागदाची चमक जायच्या आत. चमक गेल्यावर मारलात तर ठिपके उठतात आणि ते जात नाहीत.

एक_ते_चार_बंद
पाचवं आणि सगळ्यात स्वस्त: सकाळी साडेसहाला बसा, साडेआठला उठा. सूर्य तासाला पंधरा अंश सरकतो. दोन तासांत तीस. दहा वाजता सुरू केलेल्या चित्रात बाराला सावल्या पायाशी येतात आणि मग चित्रात दोन सूर्य उगवतात. सावल्यांच्या कडा पहिल्या पाच मिनिटांत पेन्सिलीने आखा, नंतर त्या कितीही हलल्या तरी बघू नका.

घाटावरची_सावली
@तांबडी_माती, दंडवत. वाखू (वाचनखूण) साठवली आहे. 'दमट' ओळखायचं कसं पण? उन्हाच्या तिरिपेत चमक दिसतच नाही.

तांबडी_माती
कागद डोळ्यांच्या पातळीला आडवा धरून आकाशाकडे बघा, उन्हाकडे नको. पाणी साचलेलं दिसतंय तो 'ओला'. साटिनसारखी एकसारखी चमक आहे पण डबकं नाही, तो 'ओलसर'. चमक गेली पण बोटांच्या मागच्या बाजूने हळूच टेकवलं की गार लागतं, तो 'दमट'. गारही लागत नाही तो 'कोरडा'. तळव्याने पाहू नका, तळव्याचं तेल लागलं की तिथे रंग धरत नाही आणि पांढरा चट्टा राहतो.

तेलकट
विषयाला फाटा फोडतो, माफी. पण जलरंगवाल्यांना 'इम्प्रेशनिस्ट' का म्हणायचं? इम्प्रेशनिस्ट म्हणजे क्षणाचा उजेड रंगातून पकडणारे, मोने त्यांच्यातला मुख्य. त्याने फ्रान्समधल्या रूआंच्या कॅथीड्रलची तीसहून जास्त चित्रं केली ती एकच दगडी भिंत वेगवेगळ्या उजेडात पकडायला. शेजारीशेजारी न मिसळलेले रंग, सावलीत काळ्याऐवजी निळा-जांभळा, ही त्याची पद्धत. झ्बुकविच यांच्याकडे बघा, सगळं राखाडी. सुंदर आहे, पण ते छटेचं, म्हणजे गडद-फिक्याचं काम आहे, रंगाचं नाही. अलीकडचं नाव घ्यायचं तर ब्रिटिश चित्रकार केन हॉवर्ड. १९३२ ते २०२२. तेलरंग, बहुतेक वेळा उजेडाकडे तोंड करून, लंडन, कॉर्नवॉलमधलं माऊसहोल आणि व्हेनिस. त्याला इम्प्रेशनिस्ट म्हणा, हरकत नाही.

नऊ_बाय_पाच
@तेलकट, मोजपट्टी फक्त पॅरिसची लावली की असं होतं. झ्बुकविच ज्या गावात काम करतात तिथे या शब्दाचा स्वतःचा इतिहास आहे. ऑगस्ट १८८९, मेलबर्न, स्वॉन्स्टन स्ट्रीट. टॉम रॉबर्ट्स, आर्थर स्ट्रीटन, चार्ल्स काँडर आणि मंडळी, सगळे तिथले चित्रकार, यांनी १८० च्या आसपास छोटी चित्रं मांडली. बरीचशी सिगारच्या खोक्यांच्या झाकणांवर, ९ × ५ इंच, म्हणून प्रदर्शनाचं नावही तेच. एका समीक्षकाने वर्तमानपत्रात सालटी काढली, तर यांनी ते परीक्षणच दारावर ठोकलं. लोक काय लिहिलंय ते बघायला यायला लागले.

ती चित्रंही बरीच राखाडी आहेत. काँडर-रॉबर्ट्स यांचं लक्ष होतं ते चटकन पकडलेल्या छटेवर, संध्याकाळच्या धुरकटपणावर, पावसानंतरच्या रस्त्यावर. रंग फोडणं हा त्यांचा मुख्य मुद्दा कधीच नव्हता. झ्बुकविच यांचे ओले रस्ते त्याच घराण्यात बसतात.

तेलकट
दारावर ठोकलं हे आवडलं. बाकी मत कायम.

सनबोर्ड
घराण्यांचंच म्हणाल तर आपल्याकडेही आहे की. कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान १९३१ ला गेले, त्यांची तळ्याकाठची निसर्गचित्रं बघा, उजेडाचं वेड तेच. नाशकात शिवाजी तुपे घाट रंगवत बसले. पुण्यात मिलिंद मुळीक, शिक्षणाने इंजिनिअर, चित्रकथांचे चित्रकार प्रताप मुळीक यांचे चिरंजीव. मुळीकांची चित्रं या धाग्याच्या प्रश्नासाठी मुद्दाम बघावीत. तिथे कडक कडा भरपूर आहेत, मऊ कडा मोजक्या. आपल्या हवेत कागद आपणहोऊन देतो त्याच्याशी भांडण नाही. झ्बुकविच यांचं धुकं मेलबर्नच्या थंडीतलं, ते वाईत कशाला शोधायचं? आपल्याकडच्या उन्हाची कड असतेच धारदार.

कोकणी_मुसळधार
सनबोर्ड +१. आणि जाता जाता एक तक्रार: प्रत्येक प्रदर्शनात तीच ओली सडक, तेच गाड्यांचे लाल दिवे, त्याखाली तीच उभी लाल ओघळ आणि रस्ता ओलांडणारी तीच गाजरासारखी माणसं. वर ठिपका, खाली निमुळतं अंग, पाय नाहीत. झ्बुकविच यांच्या आकृतींना वजन असतं, कुठला पाय टेकलाय ते कळतं. नक्कल करणाऱ्यांचं सगळं गाव भाजीमंडईतून आल्यासारखं.

असो. जुलैचा प्रश्न कोणी घेतला नाही, तो घेतो. हवेत ओलावा भरलेला असला की साधा वॉश वाळायला अर्धा-पाऊण तास लागतो. तिथे तांबडी_माती यांची यादी उलटी वाचा. कागद भिजवायचा नाही. प्लायवूड चालेल, उलट बरंच. उतार तीस अंशांच्या वर, आणि खालच्या कडेला जमलेली माळ पिळलेल्या ब्रशने उचलून घ्यायचीच. नाही उचलली तर ती तासाभराने परत वर चढते आणि झालर करते. सुरुवात एक पायरी दाट, म्हणजे कॉफीच्या जागी दूध. ब्रश पाण्यातून काढला की दर वेळी फडक्याला टेकवायचा. जुलैतल्या निम्म्या चुका ब्रशच्या पोटात लपलेल्या पाण्याच्या असतात. स्क्विरल मॉप (खारीच्या केसांचा जाड ब्रश) तर तांब्याभर पाणी घेऊन येतो असं वाटतं.

हेअर ड्रायर वापरणार असाल तर चमक गेल्यावरच. आधी लावला तर हवा पाण्याला ढकलते आणि डबक्याची कड उमटते. त्यापेक्षा दोन पाट्या घ्या, एक वाळेतो दुसरीवर काम. आकार अष्टमांश, म्हणजे साधारण ७ × ११ इंच. मध घातलेल्या ब्रँडचे रंग पावसाळ्यात पॅलेटमध्ये चिकटच राहतात, गोठत नाहीत. डबा तिरका झाला की सगळे एकमेकांत. त्या चार महिन्यांत ते ट्यूबमध्येच राहू द्यावेत. आणि ओलं पॅलेट बंद करून बॅगेत टाकलं तर तिसऱ्या दिवशी बुरशी. रात्री उघडं ठेवा.

हातकागद
कागदाबद्दल राहिलं. पावसाळ्यात चांगला कागदही "मरतो". म्हणजे काय, तर कागदावर जे सरस चढवलेलं असतं ते दमट हवेत, विशेषतः गठ्ठा उघडा पडला असेल तर, जागोजागी निकामी होतं. रंग दिला की टिपकागदासारखे गडद ठिपके दिसतात, रंग आत शोषला जातो आणि उचलता येत नाही. आधी कळत नाही, वॉश दिल्यावरच कळतं. म्हणून नव्या गठ्ठ्यातल्या शीटच्या कोपऱ्यावर कोऱ्या पाण्याचा पट्टा ओढून बघावा. पाणी वर एकसारखं चमकत राहिलं तर जिवंत, मधेच काळसर ठिपके पडले तर गेला.

वाचवता येतो. लिटरभर पाण्यात वीस ग्रॅम साधं जिलेटिन, आधी गार पाण्यात फुगवून मग कोमट करून विरघळवायचं, उकळायचं नाही. रुंद ब्रशने एक हात, दोन्ही बाजूंना, आणि आडव्या दोरीवर पूर्ण वाळवायचं. हे काम कोरड्या हवेतच. पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे, १९४० पासूनची. असे हातकागद पोताला सुंदर असतात, पण सरस प्रत्येक प्रकाराला वेगळं असतं. लिखाणाचा कागद वॉशला घेऊ नये आणि मग कागदाला शिव्या देऊ नयेत. साठवताना गठ्ठा जाड प्लास्टिकमध्ये, आत सिलिका जेलच्या पुड्या, जमिनीपासून आणि बाहेरच्या भिंतीपासून लांब.

कोरा_चहा
ग्लिसरीनचं कोणी बोललं नाही. एप्रिलात शंभर मिलिलीटर पाण्यात चार-पाच थेंब. वाळणं थोडं लांबतं. जास्त झालं तर वरचा थर चिकट राहतो आणि पुढच्या पावसाळ्यात बुरशीला आमंत्रण. जुलैत अजिबात नाही.

चुनाभट्टी
ऑक्स गॉल? (पाण्यात घालतात ते बैलाचं पित्त.)

कोरा_चहा
त्याने पाणी पसरतं, वाळणं लांबत नाही. हा गोंधळ नेहमीचा.

रंगपेटी_जुनी
उजेडाबद्दल एक. कागदावर थेट ऊन पडत असेल तर पांढरा इतका झगझगतो की दिलेला प्रत्येक रंग फिका वाटतो, म्हणून आपण दाट देत जातो. घरी आणल्यावर चित्र काळवंडलेलं दिसतं. कागद सावलीत हवाच. छत्री काळी, पावसाळ्यातली नेहमीची. रंगीत छत्रीची झाक कागदावर पडते आणि सगळं आकाश गुलाबी होतं. ट्रायपॉडच्या मधल्या दांड्याला दगडाची पिशवी बांधा, घाटावर वारा नदीकडून अचानक येतो.

आणि काळ्या दगडासाठी पेन्स ग्रे (तयार निळसर राखाडी) नको. अल्ट्रामरीन (निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी). दगडाच्या उन्हातल्या बाजूला सिएना जास्त, सावलीत अल्ट्रामरीन जास्त, दोन्ही कागदावरच मिसळू द्या. अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यात बसतात आणि बेसॉल्टचा खरखरीतपणा आपोआप येतो. वाळल्यावर दोन छटा फिका होणार हे धरूनच द्या.

तेलकट
रंगपेटीकाका, यालाच मी रंगाचं काम म्हणतो. बघा, जलरंगवाल्यांनाही जमतं.

कोकणी_मुसळधार
पांढऱ्या गुआशबद्दल (अपारदर्शक जलरंग) काय मत? झ्बुकविच शेवटी ठिपके देतात.

नऊ_बाय_पाच
टर्नर आणि सार्जंट या दोन्ही नामवंत जुन्या चित्रकारांनी अपारदर्शक पांढरा वापरलाय. फसवणूक वगैरे काही नाही. फक्त शेवटी, चक्क्याएवढा दाट, कोरड्यावर, आणि पाच-सहा जागी. पातळ दिलात तर वाळल्यावर खडूसारखा निळसर दिसतो.

घाटावरची_सावली
सगळ्यांचे आभार. पण माझा मूळ अडथळा अजून तिथेच आहे. सनबोर्ड घेतला, मागून भिजवलं, साठे कालवले, तरी झ्बुकविच यांच्यासारखं आकाशापासून पाण्यापर्यंत एका दमात उतरायचं तर अर्ध्यात कड बसणारच, बरोबर?

तांबडी_माती
बसणार. मग ती कुठे बसवायची ते आधी ठरवा. एका दमात म्हणजे न थांबता, एवढाच अर्थ. वरून खाली एकच पत्रा ओढायला कोणी सांगितलं?

वाईजवळच्या मेणवलीचा घाट घ्या. चित्रात मऊ कडा लागतात फक्त दोन ठिकाणी: दूरच्या डोंगराचा माथा आकाशात विरतो तिथे, आणि पायऱ्यांची सावली पाण्यात उतरते तिथे. बाकी देवळाचं शिखर, झाडाचा बुंधा, पायऱ्यांच्या रेघा सगळ्या कडकच आहेत. तेव्हा पहिला तुकडा आकाश आणि डोंगर, तो देवळाच्या उन्हातल्या कडेपाशी थांबवा. तिथे कागद कोरा सोडायचाच आहे, कड वाळली तर वाळू दे, तीच देवळाची कड. दुसरा तुकडा झाडं आणि घाट मिळून एक आकार. त्याची खालची कड पाण्याशी टेकेपर्यंत माळ जिवंत ठेवा आणि तिथून थेट प्रतिबिंबात शिरा. म्हणजे तुमचं ओलाव्याचं भांडवल फक्त दोन जागी खर्च होतं, प्रत्येकी तीन-चार मिनिटं. तेवढं एप्रिलही देतो.

झ्बुकविच यांचं चित्र उलटं धरून बघा, तिथेही अशा थांबण्याच्या जागा सापडतात. खांब, छपराची कड, छत्री.

एक_ते_चार_बंद
पण दहा वाजता नाही. साडेसहाला.

घाटावरची_सावली
साडेसहाला मेणवलीला पोचायचं तर पुण्याहून साडेचारला निघावं लागेल.

चुनाभट्टी
कोरा चहा थर्मासमध्ये. रंगाच्या पाण्याचा डबा वेगळा ठेवा, ब्रश कुठे बुडतोय ते अंधारात दिसत नाही.